गालिच्यावर रंगाचा डबा उपडा झालाय, तातडीने मदत हवी आहे

पायवाट | शनिवार, १९:१२

लवकर सांगा कुणीतरी, हात थरथरताहेत. आम्ही भिंतीला दुसरा हात मारत होतो. स्टुलावर ठेवलेला डबा माझ्याच कोपराने गेला. अर्धा लिटर तरी असेल, राखाडी निळा. खाली गालिचा. त्यावर जुनी चादर पसरली होती, पण चादरीने रंग अडवला नाहीच, उलट पिऊन खाली पोचवला. नवऱ्याने घाईघाईत ओला फडका घेऊन खसाखसा पुसलं, तर ताटाएवढा डाग होता तो आता परातीएवढा झालाय. डब्यावर "पाण्याने पातळ करावा" असं छापलंय. १५-२० मिनिटं होऊन गेली. वाचेल का गालिचा?

उंबरठा | शनिवार, १९:१४

पुसणं आधी थांबवा! चोळलं की रंग लवेच्या, म्हणजे गालिच्यावरच्या उभ्या तंतूंच्या, मुळाशी जातो. पाण्यातला रंग आहे म्हणजे अजून वेळ आहे. फक्त वाळू देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

जुनाणा | शनिवार, १९:१९

गालिचे धुण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. फोनवर टंकतोय, तुटक वाटलं तर चालवून घ्या.

पहिली गोष्ट, रंग उचला. पुसायचा नाही, उचलायचा. केराची प्लॅस्टिकची सुपली, जाड पुठ्ठा, उलथनं, जे हाताशी असेल ते. कडेकडून मधल्या दिशेला खेचत आणा आणि भरून बादलीत टाका. दरवेळी सुपलीची कड पुसून घ्या, नाहीतर तोच रंग पुढच्या फेरीत परत लावाल. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त रंग यातच निघतो. लोक इथे दोन फेऱ्यांत दमतात आणि साबणाकडे वळतात. वळू नका. सुपलीत काही येईनासं झालं की मग थांबा.

एकाने हे करायचं, दुसऱ्याने डागाच्या कडांवर ओलं फडकं ठेवायचं. कडा आधी वाळतात.

मग १ लिटर कोमट पाण्यात भांडी हाताने घासायच्या लिक्विड साबणाचा १ छोटा चमचा. एवढाच. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं काही नसतं, तो फेस नंतर गालिच्यातून काढताना जीव जातो. पांढरं सुती फडकं त्यात बुडवून पिळून डागावर दाबायचं, मग कोरडं पांढरं फडकं दाबून टिपायचं. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. फडकं पांढरंच हवं. रंगीत फडक्याचा रंग उतरला तर एकावर एक फ्री.

गालिचा कसला आहे? लोकर, नायलॉन, आणखी काही? कोपरा उलटून मागे चिठ्ठी शिवलेली आहे का बघा. आणि सुटा आहे की भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला?

अर्धविराम | शनिवार, १९:२३

रंग धाग्यांवर सांडला आणि त्यावर धागा निघाला. ह.घ्या. (हलकेच घ्या)

पायवाट | शनिवार, १९:४६

ह.घ्या. काय, इथे जीव चाललाय :) पण थँक्यू, जरा हसले.

सुपलीने उचलला. जुनाणा, तुमचं खरं निघालं, बादलीत मगभर जमा झाला! तो गाळून परत डब्यात टाकू का? भिंत अर्धी राहिली आहे.

गालिचा सुटा आहे, पण मोठा. अर्ध्या भागावर भलं मोठं कपाट आहे. चिठ्ठी असली तर त्या कोपऱ्याखाली असेल. कपाट हलवू म्हटलं तर नवरा म्हणतो फार जड आहे, आत्ता नको.

जुनाणा | शनिवार, १९:५०

डब्यात अजिबात नको. त्यात लवेचे तंतू आणि धूळ आहे, भिंतीवर केस उगवल्यासारखे दिसतील.

कसला गालिचा ते कळेपर्यंत लोकर आहे असं धरून चाला. म्हणजे कढत पाणी नाही, ब्रशने घासणं नाही, सोडा नाही. लोकरीला चालतं ते बाकी बहुतेकांना चालतं. उलटं नाही.

सोनचाफा | शनिवार, १९:५८

पांढरं व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाका, फसफसून सगळं वर येतं. मी एका व्हिडिओत पाहिलंय. हेअरस्प्रेही मारतात.

रेणूसूत्र | शनिवार, २०:०९

सोनचाफा, हेतू चांगला आहे, पण हे करू देऊ नका त्यांना. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्क. दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. मागे उरतं पाणी, थोडंसं सोडियम ॲसिटेट आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. फसफस बघायला छान वाटते, रंगाला तिचं काही देणंघेणं नसतं. वर सोडा जास्त पडला तर तो पांढरा चुरा होऊन लवेत बसतो.

हेअरस्प्रेचा किस्सा अगदीच निराधार नाही. त्यात अल्कोहोल असतं आणि ते वाळलेल्या ॲक्रिलिकला, म्हणजे अशा पाण्यातल्या रंगाला, मऊ करतं. पण केस जागच्या जागी धरून ठेवणारं चिकट द्रव्यही त्यातच असतं, ते गालिच्यात कशाला? अल्कोहोल हवं तर सरळ अल्कोहोल वापरावं. तेही आत्ता नको, रंग ओला आहे तोवर पाण्यासारखं काही नाही.

का ते सांगतो. भिंतीच्या या रंगात पॉलिमरचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जायला लागलं की कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि वितळल्यासारखे एकजीव होऊन त्यांचा पापुद्रा बनतो. एकदा पापुद्रा बनला की पाणी परत ओतून त्याचे कण होत नाहीत. म्हणून वर सगळे "वाळू देऊ नका" म्हणून ओरडताहेत. पाणी आहे तोवर रंग तुमच्या बाजूने आहे.

ब्लीचचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. रंगाच्या डब्यातलं रंगद्रव्य विरघळलेलं नसतं, त्याचे घन कण असतात, आणि त्यातले बहुतेक ब्लीचला दाद देत नाहीत. गालिच्याचा रंग मात्र जाईल. आणि लोकर असेल तर क्लोरीनचं ब्लीच तंतूच खाऊन टाकतं.

उंबरठा | शनिवार, २०:११

+१. त्यातच भर, ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि अमोनियावालं काच पुसायचं द्रव, हे कधीच एकत्र करू नये. विषारी वायू तयार होतात. घाबरलेला माणूस एकावर एक बाटल्या ओततो, म्हणून सांगून ठेवलं.

खारूताई | शनिवार, २०:२०

व्हॅक्यूम क्लीनर आहे का घरी? ओढून घ्या की सगळं.

जुनाणा | शनिवार, २०:२४

थांबा थांबा. साधा, कोरड्या धुळीचा व्हॅक्यूम ओल्यावर चालवायचा नाही. मोटर जाते आणि शॉक बसू शकतो. ओलं ओढणारा वेगळा असतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं. तो असेल किंवा शेजारून मिळाला तर आजची रात्र सोपी होईल. थोडं साबणपाणी शिंपडायचं, ओढायचं, पुन्हा. टाकीत येणाऱ्या पाण्याकडे बघत राहा, पाणीच सांगेल किती उरलंय.

पाणी ओतू नका मात्र. बादली रिकामी केली तर रंग बाजूला पसरेल, शिवाय खाली जाईल. मशीनने टोचून बनवलेल्या गालिच्यात लव मागच्या बाजूने चिकाच्या (लॅटेक्सच्या) थराने धरलेली असते आणि त्यावर अस्तर चिकटवलेलं असतं. ते दिवसभर भिजत राहिलं तर सुटायला लागतं. अस्तर तागाचं असेल तर वाळताना पिवळट तपकिरी डाग वर येतो तो वेगळाच. मग लोक म्हणतात निळा गेला आणि हा कुठून आला.

पायवाट | शनिवार, २१:४१

शेजाऱ्यांकडे ओलं ओढणारा मिळाला!! ९ वेळा पाणी बदललं. पहिलं पाणी शाईसारखं होतं, आता ढगाळ दिवसाच्या रंगाचं आहे. डाग अजून दिसतो पण आरपार दिसतो, म्हणजे गालिच्याची मूळ नक्षी त्यातून कळते. पाठ मोडली. नवरा फडकी पिळून पिळून निळा झालाय. त्याला माफ केलंय.

एक शंका. मोकळी बाजू उचलून बघितली तर खाली फरशीवरही रंग आहे, अस्तरातून गळलेला.

उंबरठा | शनिवार, २१:४५

फरशीचं सोपं आहे, आत्ताच पुसा. तसाच राहिला तर गालिचा फरशीला चिकटून बसेल. मग उचलताना अस्तर फाटतं.

जुनाणा | शनिवार, २१:५८

आजच्यापुरतं झालं. आता दोन कामं.

साबण काढा. नुसतं साधं पाणी शिंपडून ओढा, दोनदा-तीनदा, फेस दिसेनासा होईपर्यंत. साबण उरला तर पुढच्या महिन्यात तेवढाच गोल मळका होईल, कारण साबणाला धूळ चिकटते. मग तुम्ही म्हणाल डाग परत आला.

दुसरं, डाग खरंच परत येतो, तो रात्रीत. लव वरून वाळते, खालचं पाणी दिव्यातल्या वातीसारखं तंतूंवरून वर चढतं आणि येताना तळाशी राहिलेला रंग घेऊन येतं. त्याचा उपाय म्हणजे त्याला वर येऊ देणं, पण आपल्या कागदात. डागावर पांढरे टिपकागद नाहीतर स्वयंपाकघरातले जाड कागदी रुमाल १०-१२ थर ठेवा, वर स्वच्छ प्लॅस्टिक, त्यावर जड पुस्तकं. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सकाळी कागद उचलून सांगा काय दिसलं.

सकाळी कागद काढले की वारा. गालिच्याची कड विटा किंवा उलट्या डब्यांवर उचलून धरा, खालून-वरून पंखा. २४ तासांत, फार तर ४८ तासांत आतपर्यंत कोरडा व्हायलाच हवा, नाहीतर बुरशीचा वास धरेल. तो वास माझ्याकडून कधी पूर्ण गेला नाही.

अर्धविराम | शनिवार, २२:०३

जड पुस्तकं म्हणजे? वाचलेली चालतील का घेऊन ठेवलेली?

जुनाणा | शनिवार, २२:०५

घेऊन ठेवलेली जास्त जड असतात.

पायवाट | रविवार, ०८:०५

सुप्रभात. कागदाच्या खालच्या तीन थरांवर निळसर ढग! म्हणजे एवढं अजून आत होतं. गालिच्यावर मधला भाग जवळजवळ साफ, पण कडेने एक पुसट निळी रेघ, नकाशात समुद्रकिनारा काढतात तशी.

आणि वाईट बातमी. उजेडात बघितलं तर डबा पडला तेव्हा शिंतोडे उडालेले दिसले, दाराच्या दिशेला. १४ मोजले. रात्रभर वाळून टणक झालेत. सगळे त्या मोठ्या डागाच्या नादात होतो.

रेणूसूत्र | रविवार, ०८:३०

शिंतोड्यांसाठी आता अल्कोहोलची पाळी. आयसोप्रोपिल, ७० टक्केवालं बरं, ते लगेच उडून जात नाही त्यामुळे रंगात मुरायला वेळ मिळतो. रंग कालचाच आहे हे चांगलं. हाताला कोरडा लागला तरी पापुद्रा पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे जातात, त्यामुळे कालचा रंग जितका ऐकेल तितका वर्षभरापूर्वीचा ऐकणार नाही.

पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासा. पांढऱ्या फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन १० मिनिटं दाबून धरा. गालिच्याचा रंग फडक्यावर आला तर पुढे जाऊ नका, परत इथे या. आणि खिडक्या उघडा, जवळपास ज्योत नको, हे पेटतं.

खडूबाई | रविवार, ०९:१०

अवांतर: आमच्याकडे लेकाने गालिच्यावर चित्रकलेचा तास घेतला होता. पोस्टर कलर साध्या पाण्याने गेले, दोन दिवसांचे वाळलेले होते तरी. ॲक्रिलिकची ट्यूब मात्र आजतागायत तिथेच आहे. दोन्हींवर "पाण्याने ब्रश धुवा" असंच लिहिलं होतं. असं का?

रेणूसूत्र | रविवार, ०९:२२

जलरंग आणि साधे पोस्टर कलर यांत रंग धरून ठेवायला डिंकासारखं द्रव्य असतं. डिंक वाळला तरी पाण्यात परत विरघळतो. ॲक्रिलिकमध्ये वर सांगितलेला पॉलिमर. ब्रश पाण्याने धुवायचा तो ओला असतानाच, हे छोट्या अक्षरात असतं.

खडूबाई | रविवार, ०९:२४

वाचनखूण साठवली. चार दिवस उशिरा.

चौकट | रविवार, १०:४०

धागा थोडा वळवतो, माफ करा. माझ्याकडे दाराचा ऑइल पेंट आहे, एनॅमल, पांढरा. बेडरूमच्या चिकटवलेल्या कार्पेटवर, नायलॉन. दोन आठवड्यांपूर्वी ब्रश पडला, लक्षात आलं नाही. तळहाताएवढा भाग आता पत्र्यासारखा वाजतो. टर्पेंटाईनची बाटली समोर घेऊन बसलोय. ओतू का?

जुनाणा | रविवार, १०:४३

बाटलीचं झाकण लावा आधी.

जुनाणा | रविवार, १०:५९

आता सविस्तर. ओला ऑइल पेंट असता तर टर्पेंटाईनच सांगितलं असतं, पण फडक्यावर घेऊन टिपायला. कार्पेटवर ओतायला कधीच नाही. लव धरणारा चिकाचा थर टर्पेंटाईनने मऊ पडतो, चिकटवलेल्या कार्पेटचा खालचा गोंदही सैल होतो. मग डाग राहतो तो राहतो आणि लव मुठीने हातात येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, धंद्यातल्याच माणसाने केलेलं.

रेणूसूत्र | रविवार, ११:१५

आणि दोन आठवड्यांनी टर्पेंटाईनचा तसाही फारसा उपयोग नाही. ऑइल पेंट म्हणजे नुसतं तेल आणि थिनर सुकणं नव्हे. थिनर आधी उडून जातो, मग तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. त्या गुंतलेल्या जाळीला टर्पेंटाईन विरघळवू शकत नाही, ते फक्त ओलं करतं.

कडक रंग उतरवायची जेल मिळतात ती रंगाला सोडवतील, पण कार्पेटलाही सोडणार नाहीत. त्यातल्या जुन्या प्रकारांत मिथिलीन क्लोराईड असायचं. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, अनेक देशांनी घरगुती वापरावर बंदी आणली आहे. कुठे अडगळीत जुना डबा असेल तर बेडरूममध्ये उघडू नका.

चौकट | रविवार, ११:१९

मग काय करू? ॲसिटोन?

जुनाणा | रविवार, ११:३३

नायलॉनला ॲसिटोन चालून जातं, पण खालच्या चिकाला चालत नाही. शिवाय नायलॉन आहे हे नक्की ना? ॲसिटेट किंवा मोडॲक्रिलिक असेल तर तंतूच विरघळतील. ओळखायचं असेल तर कोपऱ्यातला एक तंतू चिमट्यात धरून मोरीवर जाळून बघा. लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो, स्वतःहून विझते, राख बोटांत चुरते. सुती असेल तर कागदासारखं जळतं. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. नायलॉन की पॉलिप्रॉपिलीन हे घरी सांगणं अवघड, पण पॉलिप्रॉपिलीन तंतू पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. थेंबभर साबण घाला म्हणजे हवेचे बुडबुडे फसवणार नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर द्रवाला हातच लावला नसता. पक्कड घ्या. पत्र्यासारखा वाजतोय म्हणजे ठिसूळ आहे. पकडीच्या दातांत दोन-दोन तंतू धरून हलकेच चुरडा, पापुद्रा फुटून पडेल. बाजूला व्हॅक्यूम, यावेळी कोरडा चालेल. पुन्हा चुरडा. एक संध्याकाळ जाईल, रेडिओ लावून बसा. जे टोकांना उरेल ते छोट्या धारदार कात्रीने लवेचं टोक कापून काढायचं. फक्त टोक, गवत कापतात तसं. खड्डा पडेल एवढं नाही.

चौकट | रविवार, ११:३६

पक्कड! हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. बाटली ठेवून दिली.

उंबरठा | रविवार, ११:४०

ठेवून दिलीत ते उत्तम, पण टर्पेंटाईनने कुणी काही पुसलं असेल तर ती फडकी मोरीत ओतू-पिळू नका, आणि विशेषतः जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेटतात. बाहेर एकेक सुटी पसरून वाळवा, मग टाका. किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

टिकटिक | रविवार, १२:०२

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पायवाट | रविवार, १३:२०

(टिकटिक, काय होतं ते? उत्सुकता लावून गेलात.)

आधी यश सांगते. तपासणीत रंग उतरला नाही. फडकं अल्कोहोलमध्ये भिजवून एकेका शिंतोड्यावर ५ मिनिटं ठेवलं, मग बोथट सुरीच्या पाठीने खरवडलं. चिवट रबरासारखा होऊन सुटतो! १४ पैकी ११ गेले. ३ मुळापर्यंत गेलेले आहेत, त्यांना जुन्या दातांच्या ब्रशने हळू टोचतेय.

आता चिठ्ठी. दिवा घेऊन कपाटाच्या पायांमधून डोकावले तर कोपऱ्यात दिसली. लोकर ८० टक्के, नायलॉन २० टक्के. जुनाणाकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुम्ही लोकर धरायला सांगितलं नसतं तर मी काल कढत पाणी ओतणारच होते.

जुनाणा | रविवार, १४:०५

काका चालेल, आजोबासुद्धा चालेल.

८०-२० फार चांगलं मिश्रण. लोकरीचा मऊपणा, नायलॉनचा टिकाऊपणा. कढत पाणी आणि घासणं एकत्र आलं असतं तर लोकरीचे खवले एकमेकांत अडकून तेवढ्या भागाचा नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला लोकरीचा थर, झाला असता. तो काही केल्या मोकळा होत नाही.

कडेच्या निळ्या रेघेसाठी आता कपभर पाण्यात १ चमचा पांढरं व्हिनेगर, फडक्याने टिपून. लोकरीला किंचित आंबट मानवतं, अल्क सहन होत नाही. मशीनमध्ये भांडी धुवायची पावडर असते ना, ती चुकूनही नको, ती जहाल अल्कधर्मी असते. व्हिनेगर रंग काढणार नाही हे आधीच सांगतो, साबणाचा अंश काढेल आणि तंतू शांत करेल. रेघेतला रंग अल्कोहोलनेच काढा, बाहेरून आत, थोडा-थोडा.

सोनचाफा | रविवार, १४:०९

म्हणजे व्हिनेगर आलंच शेवटी! :)

रेणूसूत्र | रविवार, १४:११

सोड्याशिवाय आलं. तेवढं श्रेय तुमचं.

पायवाट | मंगळवार, २१:३०

ताजी स्थिती. गालिचा कोरडा, वास नाही. शिंतोडे सगळे गेले, त्यातल्या दोन जागी टोकं कापली, मलासुद्धा शोधावी लागतात. मोठ्या डागाच्या जागी दिवसा काही दिसत नाही. संध्याकाळी दिव्याच्या तिरप्या उजेडात मात्र वितभर लांबीची निळसर झाक दिसते, आणि तिथली लव जरा चपटी आहे. कुणाला दाखवलं नाही तर दिसत नाही. मला मात्र खोलीत शिरल्यावर तेवढंच दिसतं.

ठिगळ लावता येतं असं ऐकलंय. कुणी केलंय का?

खारूताई | मंगळवार, २१:४४

मी असते तर त्यावर खुर्ची ठेवली असती आणि धागा बंद केला असता.

जुनाणा | मंगळवार, २२:१०

आधी चपटी लव. वाफेची इस्त्री थोडी वरून धरा, टेकवू नका, नुसती वाफ द्या, आणि बोटांनी किंवा चमच्याच्या पाठीने लव उभी करा. वाळेपर्यंत पाय ठेवू नका. निम्मा फरक यानेच पडेल, कारण चपट्या लवेवर उजेड वेगळा पडतो आणि आपल्याला तो डाग वाटतो.

तरीही नाही पटलं तर ठिगळ. कपाटाखालचा, कधीच न दिसणारा भाग शोधायचा. धारदार कटरने मागच्या बाजूने कापायचं म्हणजे लव कापली जात नाही. डागाचा तुकडा कापून तो नमुना म्हणून कपाटाखाली ठेवायचा आणि तेवढाच तुकडा काढायचा. लवेची दिशा जुळलीच पाहिजे. तळवा फिरवून बघा, एकीकडे गुळगुळीत लागते, उलट दिशेला खरखरीत. दिशा चुकली तर ठिगळ चौकोनी सावलीसारखं कायम दिसेल, डागापेक्षा वाईट. मागून रुंद चिकटपट्टी आणि कडांना चिकाचा गोंद. हाताने गाठी मारून विणलेला गालिचा असता तर कटर लावू दिला नसता, पण तुमचा टोचून बनवलेला आहे, चालेल.

माझं मत विचाराल तर वाफ देऊन थांबा. कटर ही परत न येणारी वाट आहे.

चौकट | बुधवार, ०७:५०

पक्कड अहवाल: दोन संध्याकाळी, चार बॅटरी, सगळा पत्रा निघाला. थोडं टक्कल दिसतंय पण पांढरा नाही. धन्स जुनाणाकाका.

पायवाट | गुरुवार, २०:१५

वाफेने खरंच निम्मं काम झालं. पण मी हट्टी. ठिगळ कुठून मिळेल ते नुसतं बघू म्हणून आज कपाट सरकवायचं ठरवलं. नवरा म्हणाला जड आहे, म्हणाला पाठ दुखतेय, म्हणाला गालिचा आहे तसाच छान दिसतो. मग शेजारच्या काकूंच्या मुलाला बोलावलं.

कपाटाखाली, अगदी मधोमध, हिरवा ऑइल पेंट. तळहाताएवढा. वाळून पत्रा.

अर्धविराम | गुरुवार, २०:१६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!!!

उंबरठा | गुरुवार, २०:१८

म्हणून कपाट जड होतं तर.

पायवाट | गुरुवार, २०:२२

४ वर्षांपूर्वी गॅलरीचं दार रंगवलं होतं, तेव्हाचा. "मला वाटलं तुला माहीत आहे," असं म्हणतोय. काका, पक्कड कुठल्या मापाची घेऊ?

जुनाणा | गुरुवार, २०:३१

लांब निमुळत्या तोंडाची. आणि ती त्यांच्या हातात द्या.